आजीची रक्ततपासणी

माझी आजी छत्तीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होती आणि रिटायर झाल्यावर आमच्या घरात. आमच्या तीन खोल्यांमध्ये तिचे चार पेशंट होते: बाबा, आई, मी आणि फ्रीज. फ्रीजचा थंडपणा ती सकाळ-संध्याकाळ हात घालून तपासायची. पलंगाच्या चादरीचे कोपरे इतके आवळून खोचायची, की झोपायच्या आधी आम्हाला पाकीट फोडल्यासारखी चादर फोडावी लागायची. बाबा शिंकले की लगेच विचारणार, "कधीपासून?" बाबा म्हणायचे, "आत्तापासून, आई. तुझ्यासमोरच शिंकलो."

अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. कुणाला डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली की तो माणूस औषध आणि सुई घेऊन थेट आमच्या दारात. आजीचा हात फार हलका. त्यातून तिची एक युक्ती होती. पेशंट कुशीवर वळला की ती अगदी सहज विचारायची, "घरून निघताना गॅस बंद केलात ना?" तो बिचारा आठवायला लागायचा, तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. खालचा शिंपी एकदा मला म्हणाला, "इंजेक्शन काही दुखत नाही गं, पण घरी जाऊन गॅस बघेपर्यंत जिवात जीव नसतो."

आजी त्र्याहत्तर वर्षांची असताना तिच्या पोटात दुखायला लागलं. तिने स्वतःच निदान केलं, "गॅसेस." दुसऱ्यांदा दुखलं तेव्हाही गॅसेसच. तिसऱ्यांदा मात्र ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून खालीच बसली, तेव्हा आईने तिचं एक ऐकलं नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, त्याआधी रक्त तपासून घ्या.

ऑपरेशनला आजी एका शब्दात हो म्हणाली. पोट कापणार म्हटल्यावर डोळ्याची पापणीही हलली नाही. रक्ततपासणीचं नाव काढलं की मात्र तिला कामं आठवायची. कपाट आवरायचं होतं. शिंप्याकडे उशांचे अभ्रे शिवायला टाकायचे होते. शेवटी आईने मला बजावलं, "तू घेऊन जा त्यांना. आणि रक्त दिल्याशिवाय घरी आणू नकोस."

पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेलो. आजीने आत जाऊन बेसिन पाहिलं आणि उलट्या पावली बाहेर आली. "साबण नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "आहे की, त्या बाटलीत." पण तोवर ती रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती. दुखणाऱ्या पोटाने एवढं भराभर चालणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी लॅब. इथे साबण होता. टेक्निशियन टक्कल पडलेला, शांत गृहस्थ होता. त्याची आई ऑपरेशननंतर आजीच्याच वॉर्डात होती, त्यामुळे तो आजीला बघून उठूनच उभा राहिला. त्याने आजीच्या दंडाला रबरी पट्टा बांधला.

"दोन बोटं वर बांधा," आजी म्हणाली.

त्याने वर बांधला.

"आणि शीर नुसती बघायची नसते. चाचपायची असते."

"बरोबर आहे, सिस्टर. तुम्ही एकदा दाखवाच," तो आदराने म्हणाला.

आजीने स्वतःच्या दंडावरचा पट्टा सोडला, हात धुतले, आणि खोलीत नजर फिरवली. खोलीत आम्ही तिघंच होतो. पाच मिनिटांनी मी बाही खाली करत बाहेर आले. टेक्निशियन मागून म्हणाला, "काय हात आहे हो." रक्त माझं गेलं होतं. आजीचं होतं तिथेच होतं.

आता काढलंच आहे तर, म्हणून त्याने माझं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं. आजीने तो कागद घरभर फिरवला. "बघा. मी नेलं नसतं तर कळलं असतं का?" कोण कुणाला घेऊन गेलं होतं, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मला तीन महिने लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गिळल्या की नाही ते आजी तोंड उघडायला लावून बघायची.

तिसऱ्या वेळी आईने थेट मोठं हॉस्पिटल गाठायला सांगितलं, जिथे आजीची सगळी नोकरी झाली होती. तिथे ती पळून जाणार नाही, असा आईचा हिशोब. लॅबबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. येणारे-जाणारे तिला नमस्कार करत होते आणि ती राणीसारखी मान हलवत होती. मी तिचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता.

"आजी, तू सुईला घाबरतेस?"

"हळू बोल. इथे मला ओळखतात."

"खरंच घाबरतेस?"

कुणी ऐकत नाही ना, ते तिने आधी बघून घेतलं. मग म्हणाली, "लहानपणापासून. सुई दिसली की माझ्या पायातलं बळच जातं."

"मग नर्स कशाला झालीस?"

"टोचणाऱ्याला कुठे दुखतं?"

मला हसू आवरेना. तिने माझ्या मांडीला चिमटा काढला. "आणि बाबांच्या वेळी?" मी विचारलं.

"बाळंतपणात इतकं दुखत होतं, की सुईकडे बघायला सवड कुणाला होती?" मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "दरवेळी समोरच्याच्या जागी मीच दिसायचे मला. छत्तीस वर्षं. म्हणून जपून टोचलं बाई सगळ्यांना."

तेवढ्यात मेट्रनबाई जिना उतरून आल्या. त्या आजीच्या हाताखाली शिकलेल्या. आजीच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी आम्हाला आत नेलं, टेक्निशियनला बाजूला केलं आणि स्वतः हातमोजे चढवले.

"सिस्टर, एक विचारायचं होतं," पट्टा बांधता बांधता त्या म्हणाल्या. "वॉर्डातल्या माझ्या पहिल्या दिवशी मी काय काय चुका केल्या होत्या?"

आजी ताठ झाली. "काय काय? यादीच देते. एक, तू उशिरा आलीस. दोन, टोपी तिरकी. तीन, चार नंबरच्या पेशंटची गोळी पाच नंबरला द्यायला निघालीस. चार, मी ओरडले तर रडलीस, आणि रडत रडत ट्रे पाडलास. पाच..."

"झालं, सिस्टर. बोळा दाबून धरा."

आजीने दंडाकडे पाहिलं. कापसाचा बोळा, चिकटपट्टी, सगळं जागच्या जागी होतं. "पाच," ती करड्या आवाजात म्हणाली, "पेशंटला फसवलंस." पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मेट्रनबाईंचा हातमोजा घातलेला हात तिने बराच वेळ सोडला नाही. निघताना आम्हा दोघींकडून तिने वचन घेतलं, की या इमारतीत यातला एक शब्दही कुणाला कळता कामा नये.

ऑपरेशन नीट झालं. तीन दिवस ती तिच्याच जुन्या वॉर्डात पडून होती. त्या तीन दिवसांत तिथल्या पोरींना तिने सळो की पळो करून सोडलं, आणि घरी निघाली तेव्हा त्याच सगळ्या तिला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या.

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. एका दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल. बाबा शेजारी बसून कितीतरी वेळ तिची नाडी धरून होते. नाडी कशी मोजायची, ते तिनेच त्यांना शिकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या नर्सेस हॉलमध्ये तिच्यासाठी सभा झाली. एक म्हातारे सर्जन बोलायला उठले. "सिस्टरांना भीती हा शब्दच ठाऊक नव्हता," ते म्हणाले. पाठोपाठ दोघी-तिघी बोलल्या, आणि प्रत्येकीच्या भाषणात 'निर्भय' आलंच. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्या छताच्या पंख्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईने त्यांना रडू फुटलं असं समजून पाण्याचा ग्लास पुढे केला. मग मलाही आवरेना. मी रुमालात तोंड खुपसलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. आई पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात ड्यूटी बदलायची वेळ झाली. मेट्रनबाईंनी घड्याळ पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि उठल्या. पाठोपाठ सगळ्या नर्सेस उठल्या, टोप्या नीट करत आपापल्या वॉर्डाकडे गेल्या. शेवटी आभार मानायला पुन्हा उठलेल्या सर्जनसाहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं. ते जरा गोंधळले, मग आईकडे वळून म्हणाले, "असंच शिकवलंय सिस्टरांनी."