न खेळलेल्या दोन चाली

पोशीरचे किरण सर बुद्धिबळात तालुक्याला भारी, आणि हे त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. खोपोलीच्या स्पर्धेत शेवटच्या डावाला समोर वनिता बसली. डोंगरावरच्या वाडीतली, कारखान्यात पॅकिंगला जाणारी, मोबाइलवर खेळ शिकलेली. सरांना हसूच आलं. दीड तासात ते हसू पार मावळलं. हत्ती गेला, राजा कोपऱ्यात सापडला. सर हरले तर जिल्हा संघातली जागा वनिताची, बरोबरी झाली तर सरांची.

प्रत्येक चाल कागदावर लिहायची, असा नियम. घड्याळात पाच मिनिटांहून कमी उरली की मात्र लिहिण्यातून सूट. वनिताची तीनच उरली होती, तिने पेन खाली ठेवलं होतं. डावाची नोंद आता एकट्या सरांकडे होती. घाईघाईत तिने शह दिला, मागे आली, पुन्हा तोच शह दिला. तीच मांडणी तीनदा आली तर बरोबरी मागता येते. आली होती दोनदा.

सरांनी दोघांच्या दोन-दोन चाली जास्तीच्या लिहिल्या आणि पंचांना बोलावलं. शाळेत दर शनिवारी हेच सर पोरांना बजावत, आधी खेळा, मग लिहा. पंचांनी कागद बघत दुसऱ्या पटावर डाव मांडून पाहिला. मांडणी तीनदा आली. त्यांनी वनिताला विचारलं. तिने कपाळाला आठ्या घालून पटाकडे पाहिलं आणि सही केली.

सरांना वाटलं होतं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. बाहेर नळापाशी ती त्यांना गाठून म्हणाली, "सर, तुमी लिवलंय म्हंजे झालंच आसंल. माज्याच ध्यानात नाय राह्यलं. तुमच्या कागदाचा फोटू काढू? कुठं चुकले ते घरी बघीन."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर आतून संयोजक बक्षिसासाठी त्यांचंच नाव पुकारत होते. त्यांनी कागद पुढे धरला.

वनिताने मोबाइल रोखला, मग जरा थांबली.

"सर, आंगठा काढा ना. त्याच्या खालच्या चाली दिसत नाय."

सरांनी अंगठा काढला. तिने फोटो काढला, नीट आलाय का पाहिलं, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.