जिन्यातली नावे

कागद धाग्याच्या दिशेनेच दुमडलेला होता, म्हणून चार महिन्यांनीही घडीवर साधी चीर नव्हती. शब्दकोशाच्या मधोमध ठेवलेले ते पत्र बोटांना लागले तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदा आले ते एवढेच, की बाइंडर अजून हाडाच्या पट्टीनेच पत्र दुमडतो. आयुष्यभर पुस्तके बांधलेल्या माणसाला कागद कुठल्या बाजूने वाकायला राजी असतो ते कळते. आणि आपल्याला — तीस वर्षे त्याच ग्रंथालयात, बाइंडरच्या टेबलापासून दहा पावलांवर बसून सूची करणाऱ्याला — काय कळते? पुस्तक न उघडता, नुसते पाठीवरचे नाव वाचून, ते कुठल्या कपाटात जाईल एवढे.

पत्राला उत्तर दिले नव्हते. आधी चष्म्याचा नंबर बदलायचा होता म्हणून, मग घरात चांगला कागद नव्हता म्हणून, आणि मग इतका उशीर झाला की नुसते उत्तर देऊन भागले नसते, आधी उशिराचे कारण लिहावे लागले असते, आणि ते काही त्याला सापडत नव्हते. फोनवर बोलावे तर बाइंडरला ऐकू येत नाही. कटिंग मशीनच्या शेजारी तीस वर्षे उभे राहून कान गेलेले. तेवढा एक आधार होता. बहिऱ्या मित्राला फोन न केल्याबद्दल कोणी बोल लावत नाही.

पत्र पाऊण पानाचे होते. तोंडपाठ असूनही त्याने ते उघडले.

‘तुझं पत्र पोचलं. यादी मुलीला वाचून दाखवली. एका जिन्यात पाच तऱ्हेची नावं, तीन लिप्या. ती खूश आहे. तिची बदली तुमच्या शहरातल्या हॉस्पिटलात होणार हे नक्की, आणि तुझ्यासमोरची जागा रिकामी झाली म्हणतोस, तर तीच घ्यावी असं तिच्या मनात आहे. ती ड्युटीवर गेली की घरात मी आणि सात वर्षांची नात. माझं नाव काय आहे ते तुला माहीत आहे, नावावरून लोकांना काय कळतं तेही. म्हणून एकच विचारतो. या यादीतल्या कोणाच्या घरात तू एकदा तरी बसलायस का? विचार करून लिही, घाई नाही.’

घाई नाही... काल दुपारी मुलीचाच फोन आला. लहानपणी ग्रंथालयात येऊन त्याच्या टेबलाखाली बसून चित्रे रंगवायची ती मुलगी. आता आवाजात हॉस्पिटलचा करकरीतपणा आला होता.

“काका, सोमवारपर्यंत मालकीणबाईंना कळवायचंय. आणि बाबा हटून बसलेत, काकांचं पत्र आल्याशिवाय नाही म्हणजे नाही.”

“हो... पत्र टाकतो.”

“अहो, मलाच सांगा की आत्ता. लोक कसे आहेत तिथले?”

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे ती वाट बघत होती, तिच्यामागे कोणीतरी ट्रॉली ढकलत होते.

“शांत आहेत,” तो म्हणाला. “पत्रात सगळं लिहितो.”

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या नोकरीपायी हे सारे घर या शहरात आले. मुलाला सवड नव्हती, सुनेलाही नव्हती; मुलगा म्हणाला, बाबा, वस्ती तुम्हीच निवडा, तुमच्याइतकं बारकाईनं कोण बघणार. आयुष्यात कोणी त्याच्यावर एवढे मोठे काम सोपवले नव्हते. त्याने नवी वही घेतली, रेघा मारून रकाने पाडले — दारांवरची नावे, लिप्या, दुकानांच्या पाट्या, बसथांब्यावर कानावर आलेल्या भाषा — आणि दहा दिवसांत सहा वस्त्या पायाखाली घातल्या. एका वस्तीत सगळी आडनावे एकमेकांची चुलतभावंडे असल्यासारखी. ती त्याने तिथल्या तिथे खोडली, आणि खोडताना, खोटे कशाला बोलायचे, छाती जराशी फुगली होती. आपण त्यातले नाही. आपण तीस वर्षे बाइंडरच्या डब्यातले खाल्ले आहे. इथे मात्र, या इमारतीच्या जिन्यात, पितळेच्या, लाकडाच्या, चिनी मातीच्या पाट्या एकीखाली एक लागलेल्या होत्या, आणि काही अक्षरे तर त्याला वाचताही येत नव्हती. तो पायरीपायरीवर थांबून वहीत उतरवत वर चढला होता. सून आल्यागेल्याला सांगायची, “आमच्या बाबांनी घर नाही घेतलं, जनगणना केली.” त्याला ते आवडायचे.

मग समोरचा माणूस जागा सोडून गेला आणि पाटी तशीच राहिली.

माणूस गेलाय, नाव दारावर आहे. रोज सकाळी दूध आत घेताना ती पाटी समोर दिसायची आणि मनात काहीतरी डोकवायचे. एक शंका. ती तो पुरी होऊ देत नव्हता. अर्ध्यावर वर्तमानपत्र उघडायचा. त्याच सुमारास त्याने बाइंडरला यादी आणि रिकाम्या जागेचे कळवले होते, त्यावर हे पत्र आले.

आज मात्र त्याने इस्त्रीचा सदरा घातला.

“कुठे निघालात?” सुनेने विचारले. ती कामावर जायच्या घाईत एका हाताने केस बांधत होती. “पुन्हा जनगणना का?”

“जरा खाली जाऊन येतो. शेजाऱ्यांकडे.”

तिचा हात केसांतच थांबला. “तुम्ही? शेजाऱ्यांकडे?” मग हसून म्हणाली, “जा जा. पण पोचलात की फोन करा.”

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारावर लाकडी पाटी होती, कोरीव, कोपऱ्यात दोन पाने काढलेली. दोन वर्षे तो तिच्यावरून गेला होता. घंटीवर बोट ठेवून तो किती वेळ उभा राहिला... शाळेत मास्तरांच्या खोलीबाहेर उभा राहायचा तसा, काय बोलायचे ते मनात तीनदा म्हणून. दार उघडले ते दाढीचा साबण लागलेल्या एका तरुणाने.

त्याने पाटीवरचे नाव उच्चारले. चुकीचे असेल कदाचित; पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारत होता.

“ते होय? ते केव्हाच गेले. आम्हालाच इथे पाच वर्षं होतील.”

“पण पाटी...”

“राहिली आपली. काढून काय, भिंतीला भोकं दिसणार.” तरुणाने टॉवेलने कान पुसला. “तुम्ही वरचे ना? काही काम होतं का त्यांच्याकडे?”

“नाही. असंच. भेटावं म्हटलं.”

“बराच उशीर केलात, काका,” तो तरुण म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती.

पहिल्या मजल्यावर दोन दारे. पितळी पाटीच्या दारामागे एक बाई होती, तिने साखळी न काढताच, त्या नावाचे इथे कोणी नाही अशी मान हलवली. चिनी मातीच्या पाटीचे घर म्हणजे आता कोणाचे तरी गोदाम. तळमजल्यावर मालकीणबाई दारातच खुर्ची टाकून गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

“या काका. नळ गळतोय का पुन्हा?”

“नाही. पाट्यांचं विचारायचं होतं. जिन्यातल्या. ही जी नावं आहेत, यातलं आता इथे...”

“कोणीसुद्धा नाही,” बाई म्हणाल्या. “खालचे गेले त्याला सात वर्षं झाली. दुसऱ्यावरचे त्यांच्या मागोमाग.”

“मग पाट्या कशाला ठेवल्यात?”

“काढल्या की पोपडा निघतो, परत रंग काढत बसा. आणि बरं दिसतं हो. शिकलेली माणसं जागा बघायला येतात, त्यांना आवडतं.” त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली. “तुम्ही नाही का, एकेक पाटी वाचत, वहीत लिहून घेत वर गेलात. मी ह्यांना म्हटलं, हे काका घेणार बघा जागा.”

त्याचा हात कठड्यावर होता. कठडा गार होता.

“पण गेले कशामुळे सगळे?”

“कोण जाणे. जा म्हणून कोणी म्हटलं नाही, हं. भांडण नाही, तंटा नाही, आमच्याकडे तसलं काही चालत नाही. बोललं नाही कोणी, एवढंच. आपण बोललो नाही की माणूस आपोआप समजतो. समजूतदार होती बिचारी.”

“आणि माझ्यासमोरचे?”

“ते चिवट.” बाई हसल्या. “चार वर्षं काढली त्यांनी. तुम्ही आलात तेव्हा मला, खरं सांगते, धाकधूकच होती. म्हटलं वाचणारा माणूस, जाऊन गळ्यात गळा घालणार त्यांच्या. कसलं काय, तुम्ही आमच्या वरताण निघालात. दोन वर्षांत एक अक्षर नाही. तुम्ही आल्यापासून ते खचलेच बघा. जाताना म्हणाले, समोरच्या काकांना नमस्कार सांगा. मी मेली विसरूनच गेले सांगायला.”

तो जिन्याकडे वळला.

“त्या नर्सबाईंचा फोन आला होता,” मागून बाई सांगत होत्या. “तुमच्या ओळखीच्या म्हणे. नाव सांगितलं तिनं. मी म्हटलं, या की. आम्ही कोणाला नाही म्हणत नाही.”

जिना चढताना पाट्यांकडे बघायचे नाही असे ठरवूनही त्या दिसत होत्या. त्याने आयुष्यभर केलेली चूक — पाठीवरचे नाव म्हणजे पुस्तक. कपाटात पुठ्ठे तेवढे उभे होते, आतली पाने कोणीतरी केव्हाच काढून नेली होती, आणि तो वहीत नोंदी करत होता... नाही, हेही खोटे. हे फार सोपे झाले. पाने होती. एक तरी पुस्तक होते, उघडे, समोर धरलेले.

सकाळची वेळ, खालचे जड दार त्या समोरच्या माणसाने पायाने अडवून धरले होते, दोन्ही हातांत पिशव्या, आणि तो हसला होता. “पुष्कळ वाचता वाटतं?” माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाला होता. आणि मी... माझे कान तापले, मी म्हणालो, “हो, असंच,” आणि वर निघून आलो. दार लावून अर्धा तास त्याला द्यायची उत्तरे जुळवत बसलो. चांगली होती उत्तरे. एकात तर गंमतही होती. उद्या बोलू म्हटले. उद्या मी दाराच्या भिंगातून बघितले, तो कुलूप लावत होता, आणि तो खाली जाईपर्यंत मी आत थांबलो. असे किती उद्या. मला संकोच होता, दुसरे काही नव्हते, देवाशपथ दुसरे काही नव्हते — पण दाराच्या त्या बाजूने, लागलेले दार संकोचाने लागले की तिटकाऱ्याने, हे कसे कळणार? इतरांचे गप्प बसणे त्याने चार वर्षे सोसले होते. माझे त्याला सोसले नाही.

टेबलाशी बसून त्याने आधी लिहिले: ‘खुशाल या. मी समोरच आहे.’

मग ‘मी समोरच आहे’ या शब्दांकडे तो बघत राहिला. समोर तर त्या माणसाच्याही तो होताच. मुलगी कामावर गेलेली, बाइंडर आत, घंटी ऐकू न येणारा. आणि ती सात वर्षांची पोर जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारते आहे, आणि एकेक मान भिंतीकडे वळते आहे... आपण जाऊ की तीन पावले ओलांडून. बाइंडरसाठी तरी. तीस वर्षे एका डब्यातले — पण तो डबा उचलून टेबलापाशी कोण आले होते? बाइंडर आला होता. दहा पावले तो चालला होता, पहिल्या दिवशी, आणि नंतर तीस वर्षे रोज. मी एकदाही त्याच्या टेबलापाशी गेलो नव्हतो.

त्याने कागद फाडला आणि दुसरा घेतला.

‘नाही. कोणाच्याच घरात बसलो नाही. तुला यादी पाठवली ती गेलेल्या माणसांची होती, हे मला आज कळलं, आणि आधी कळून घ्यायला मी भ्यालो. शेवटचा जो गेला तो माझ्यासमोर राहत होता. तो माझ्याशी बोलला होता, मी बोललो नाही. इथे कोणी तुम्हाला वाईट बोलणार नाही. काहीच बोलणार नाही. नातीला हे सोसणार नाही. माझं ऐकशील तर येऊ नकोस.’

शेवटच्या वाक्यापाशी पेन पुन्हा एकदा थांबले. इतक्या वर्षांत हे वाक्य या जिन्यातल्या एकाही माणसाने तोंडातून काढले नव्हते. लिहिणारा तोच पहिला. खोडावे का... खोडून काय लिहावे? त्याने कागद दुमडला. तो आडवा दुमडला गेला, घडीवर पांढरी रेघ उमटली. बाइंडरच्या बोटांना ते लगेच कळेल.

पोस्टाची पेटी रस्त्याच्या वळणावर होती. दुपारची वेळ, माणसे आपापल्या कामाला जात होती. एकाने वाट देताना मान हलवली, आणि तो नेहमीसारखा खाली बघायला लागला, मग लक्षात येऊन वर बघितले तेव्हा तो माणूस पुढे गेलेला होता. पाकीट फटीत अर्धे घालून तो क्षणभर उभा राहिला. मग सोडले. आत पडल्याचा आवाजही आला नाही.

आणि त्याला मोकळे वाटले. चार महिन्यांत वाटले नव्हते इतके. खांदे खाली आले, श्वास पार पोटापर्यंत गेला. खरे लिहिले म्हणून, तो स्वतःला म्हणाला. पोर वाचली म्हणून. दोन पावले चालला आणि तिसऱ्या पावलाला थांबला... उद्या दूध घ्यायला दार उघडले तर समोर कोणी नसेल. कोणी हसणार नाही, काही विचारणार नाही, उत्तर जुळवत बसावे लागणार नाही. समोरचे दार बंद राहील, महिनोन्‌महिने, आणि मी माझे पुस्तक घेऊन... त्याने ते मोकळेपण चाचपून बघितले, पुन्हा बघितले, ते नेमके कुठल्या कारणाचे ते ठरवायला. ठरत नव्हते. रस्त्याच्या कडेला, लोकांची वाट अडवून तो तसाच उभा राहिला, आणि ते वाटणे ओसरण्याची वाट बघू लागला, आणि ते ओसरत नव्हते.