तिसऱ्या नंबरचा प्लग

मित्रांनो, एका जागी घट्ट बसून राहणं हेच माझं काम, आणि स्वस्थ बसणं तर मला मुळीच जमत नाही! मी एका जुन्या गाडीतला जुना स्पार्क प्लग. मान पांढऱ्या चिनी मातीची, कमरेला लोखंडी आटे आणि टोकाला एक बारीकशी फट. त्या फटीत मी ठिणगी उडवली, की इंजिनातली पेट्रोलची वाफ भडकते आणि गाडी पुढे सरकते. आम्ही चार भाऊ. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, तिला सिलिंडर म्हणतात. माझी तिसरी. तुमची पापणी लवेपर्यंत माझ्या कितीतरी ठिणग्या उडून गेलेल्या असतात, तेव्हा मला ‘जरा थांब’ म्हणू नका.

कारखान्यातल्या भट्टीत माझी मान भाजली, यंत्रानं आटे पाडले, आणि एका बाईनं भिंगातून माझी फट तपासून मला खोक्यात सरकवलं. त्या खोक्यात जीव नुसता कासावीस व्हायचा. गाडीत बसवलं तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतला.

आमचे मालक प्लंबर. डिकीत पाइपांचे तुकडे, पाने, नळ, वॉशर यांचा नेहमी खडखडाट. सकाळी किल्ली फिरवली, की आम्ही लगेच सुरू. मालक बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, “शाब्बास पठ्ठ्या!” ती शाबासकी गाडीला होती की मला, कोण जाणे. मी आपली माझीच समजत आलो. पण कौतुक करणाऱ्यांनी आमच्याकडे वर्षानुवर्षं ढुंकूनही पाहिलं नाही. तेल बदललं, टायर बदलले, सीटची कव्हरंसुद्धा बदलली. आम्ही मात्र आत काजळी खात बसलो.

मग मालकांच्या डोळ्यांसमोर धुकं साचू लागलं. डॉक्टरांनी बजावलं, गाडी चालवायची नाही. नळ, पाइप त्यांना हातानं चाचपून जोडता यायचे, पण एवढी अवजारं कामावर न्यायची कशी? मालकीणबाईंची पन्नाशी उलटलेली. त्या म्हणाल्या, “मी शिकते की.” आणि शिकल्या. गाडी चालवण्याच्या परीक्षेत मात्र चढावर घोळ झाला. तिथं मध्येच थांबून पुन्हा निघायचं होतं. गाडी गचके खात बंद पडली आणि बाई नापास झाल्या.

मी सांगतोय त्या दिवशी दुपारी चारला पुन्हा परीक्षा होती. दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या एका नव्या इमारतीचं मोठं काम सुरू होणार होतं. बाई पास झाल्या तरच मालक तिथं पोचणार, नाहीतर ते काम दुसऱ्याच्या घशात जाणार. आणि सकाळपासून गाडीचे गचके काही थांबेनात.

“प्लग गेलेत,” मालक म्हणाले. “घरीच बदलतो. काय मोठंसं!”

बाई नुकत्याच सराव करून आल्या होत्या. इंजिन तापलेलं. मालकांनी पाना लावला, मी हललो नाही. त्यांनी पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला, गंजका नळ सोडवायला घालतात तसा. अरे बापरे! माझी मान करकरली.

“अहो, थांबा!” बाई ओरडल्या. “मोडून आत अडकला तर काय करायचं? गार होऊ द्या आधी.”

“वेळ कुठाय?”

“मोडल्यावर वेळच वेळ आहे.”

मालक अंगणात येरझाऱ्या घालू लागले. मी आत तळमळत होतो. बाहेर काढणार आहात तर काढा ना! पण खरं सांगतो, इंजिन गार झालं आणि मी साध्या हातानं सुटलो. आट्यांना ओरखडासुद्धा नाही.

तेवढ्या वेळात बाईंनी एक शहाणपण केलं होतं. शिवणाच्या डब्यातून चार रंगांचे दोरे आणून एकेका वायरीला एकेक बांधला होता, म्हणजे कुणाची वायर कुणाला जायला नको. माझ्या वायरीला हिरवा दोरा आला. मला तो फार आवडला.

फडक्यावर आम्ही चौघे शेजारी शेजारी पडलो. पहिल्या नंबरचा भाऊ काळाठिक्कर, तेलानं माखलेला. सगळे गचके त्याचेच होते. मी मात्र कोरडा, बदामी, ठणठणीत! पण मालक म्हणाले, “काढलेत तर चारही बदलू.” मला इतका राग आला म्हणून सांगू! एकदा उजेडात धरून तरी बघायचं होतं.

नवे चार प्लग खोक्यांतून निघाले. मालकांनी खिशातून पांढरी टेप काढली. हो, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तीच! गुंडाळले त्यांनी एकेका नव्या प्लगवर चांगले जाडजूड वेढे.

“हे कशाला?” बाईंनी विचारलं.

“गळायला नको म्हणून. बिनटेपचा आटा मी जन्मात बसवलेला नाही.”

मी फडक्यावरून बोंब मारत होतो, पण प्लगचं ऐकतो कोण? अहो मालक, माझ्या ठिणगीची वीज परत जाते ती आट्यांतून आणि बुडाच्या वॉशरमधून! अंग इंजिनाच्या धातूला नीट टेकलं, तरच ठिणगी उडते. मध्ये टेपची रजाई घातल्यावर काय कपाळ उडणार?

किल्ली फिरवली. गाडी फुरफुरली, थडथडली, खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मालकांचा चेहरा उतरला. वायरींची टोपणं एकेक दाबून पाहिली, सगळी टक् करून बसलेली. दोरे तपासले, चारही जागच्या जागी. फटीही ठीक. घड्याळ पुढे पळत होतं.

“माझ्यामुळेच तुझी परीक्षा बुडणार,” मालक पायरीवर मटकन बसले. “डोळे गेले, आता हातही गेले म्हणायचे.”

“काहीतरीच बोलू नका,” बाई म्हणाल्या. “यातला एक जुना परत लावून बघा बरं.”

त्यांनी मला उचललं! मी तिसऱ्या खोलीत शिरलो, हिरव्या दोऱ्याची वायर डोक्यावर बसली, किल्ली फिरली. मी असा काही पेटलो, असा पेटलो! गाडी पूर्ण सुधारली नाही, पण थडथड नक्की कमी झाली आणि ती बंद पडली नाही. बाईंनी माझ्या जागेवरून काढलेला नवा प्लग हातात धरून खालीवर पाहिला.

“अहो, जुन्याला टेप नाहीये.”

मालकांनी कपाळावर हात मारला. मग एकदम कामाला लागले. टेप सोलली, आटे फडक्यानं पुसले, नवे प्लग आधी बोटांनी हलकेच फिरवत आणि शेवटी बेताच्या जोरानं बसवले. मला काढून चौथा नवा बसवणार, तोच तो त्यांच्या हातून निसटून फरशीवर पडला. मालकांना काही दिसेना. बाईंनी त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. “तडा गेलाय. हा नको. जुनाच राहू दे.”

मित्रांनो, अशा रीतीनं मी परीक्षेला गेलो.

चढाच्या मध्यावर परीक्षक म्हणाले, “थांबवा.” बाईंनी गाडी थांबवली. मग त्या क्लच सावकाश सोडू लागल्या. मी फक्त ठिणग्या उडवत राहिलो. एकही चुकवायची नाही, एकही! गाडी तसूभरही मागे न घसरता चढ चढून गेली.

मालक परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाशी उभे होते. “झाले पास!” ऐकलं आणि ते सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. दाराला हात लावला आणि तिथंच थबकले.

“अहो, तिकडून बसा,” बाई हळूच म्हणाल्या.

मालक वळसा घालून दुसऱ्या दारानं आत बसले. गाडी हलली तशी त्यांनी सुरू केलं, “क्लच सावकाश सोड. अगं, आरसा बघ—”

“गप्प बसा, नाहीतर उरलेली टेप तोंडाला लावीन.”

दोघं इतकी हसली की माझ्या ठिणग्यांचा आवाज मलाच ऐकू येईना.

मित्रांनो, मी स्वतः एक क्षण थांबू न शकणारा, तरी सांगतो. तापलेल्या इंजिनाला गार होऊ द्या. कुणाला बाहेर काढून ठेवण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. डोळे अधू झालेल्या मालकांची बोटं त्या इमारतीतले सांधे अजून बिनचूक जोडतात, आणि मीही अजून तिसऱ्या खोलीतच आहे. नवा आणायचं मालकांनी काढलं होतं. बाईंनी माझ्या वायरीचा हिरवा दोरा नुसता घट्ट केला.

बरं, चला. सकाळ झाली, डिकीत अवजारं चढली, बाईंनी किल्ली लावली. आता मला बोलायला वेळ नाही.