एकावर एक न बसणारा माझा भाऊ

मित्रांनो, मी वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातला जुना लाकडी कार्बन, म्हणजे कार्बनच्या अणूचा नमुना आहे. रेवणसिद्ध सुतारानं मला घडवलं. काळ्या गोळ्याला चार काड्या, टोकांना लाल, पिवळा, निळा आणि पांढरा मणी. त्याच दिवशी, त्याच लाकडातून माझा भाऊही झाला. रंग तेच, पण पांढरा मणी वर धरला की माझे लाल, पिवळा, निळा या क्रमानं उजवीकडे फिरत, त्याचे आरशातल्यासारखे डावीकडे. तेवढ्यानं आम्ही निराळे. मला त्याचा फार अभिमान होता.

दैवशालामॅडम रसायनशास्त्र शिकवत. बारावीच्या पोरांना म्हणत, "डावी चप्पल उजव्या पायात घालून बघा, मग कळंल. हे दोघं कसेबी फिरवा, एकावर एक बसत न्हाईत." पोरं हट्टानं फिरवत आणि हरत. अशाच एका जोडीतल्या एका रेणूला पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा, हे ऐकून तर वर्ग थक्क व्हायचा.

व्हरांड्यातून हे सगळं वीस वर्षं आणखी एक जण ऐकत होता, शिपाई बिभीषणमामा. बिचाऱ्याला वाटलं, मॅडमची ही तक्रारच आहे. गेल्या मे महिन्यात मॅडम निवृत्त होणार होत्या. आदल्या दुपारी मामांनी भावाचे लाल आणि निळा मणी उपटले, एकमेकांच्या जागी बसवले आणि वर फेव्हिकॉल लावला. झाला तो माझ्यासारखा! मी शेजारीच होतो, पण मला ओरडायला तोंड कुठलं?

निरोपाच्या दिवशी मामांनी आम्हा दोघांना मॅडमच्या हातात ठेवलं. "बघा की मॅडम, बसत न्हाईत म्हणत हुता न्हवं? म्या बसवले. तुमाला द्यायला दुसरं काय हाय माज्याकडं?"

मॅडमनी आम्हाला शेजारी धरून फिरवलं. रंगाला रंग जुळला. त्यांनी भावाच्या मण्यावरचा फेव्हिकॉल बोटानं चाचपला. मग म्हणाल्या, "लई चांगलं केलंत, मामा." आणि डोळे पुसले. मामांना वाटलं, आनंदानं.

मित्रांनो, तो आजही कपाटात माझ्या शेजारी आहे. अगदी माझ्यासारखा, आणि म्हणूनच तो माझा भाऊ नाही. मामांवर मी रागवू तरी कसा? त्यांनी मायेनंच केलं. तुम्ही एवढंच करा. कुणी तुमच्याशी जुळत नसेल, तर त्याला दुरुस्त करायला घेण्याआधी तो खरंच मोडलाय का, हे विचारा. माझ्या भावाला कुणी विचारलं नाही.