लोडशेडिंगमधलं ट्यूनिंग

आमच्या गावात पियानो एकच, शाळेच्या हॉलमधला. तो सुरात लावणारेही एकच, माझे सासरे प्रभाकरराव, म्हणजे आमचे मामाजी. बाकी वर्षभर ते भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात. पण गेल्या गॅदरिंगला पियानोचे बारीक सूर नुसते किंचाळले. मुख्याध्यापिका सुलोचनाबाई म्हणाल्या, "यंदा असंच झालं, तर नागपूरचा माणूस बोलवावा लागेल, प्रभाकरराव." त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. त्यांना वरचे सूर ऐकू येईनासे झालेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

म्हणून आमच्या ह्यांनी, योगेंद्रनी, ओळखीच्या दुकानातून दोन यंत्रं पाहायला आणली. एक जुना लॅपटॉप, एक तळहाताएवढा पामटॉप. दोन्हींत ट्यूनिंगचा प्रोग्राम. तार वाजली की पडद्यावरचा काटा सांगतो, सूर चढलाय की उतरलाय.

"लॅपटॉपच घेऊ," हे म्हणाले. "लोकायले वाटते, काहीतरी आहे. हे दुसरं तर कॅल्क्युलेटर दिसते."

"कडेवर पोरगी, खांद्याले दुपट्यांची पिशवी, अन् वरून हे धूड? मंग तुमीच उचला," मी म्हणाले.

त्यांनी उचललं.

शाळेत पोचलो ते लाइट गेल्यावर. मामाजींची रीतच तशी. पंखे बंद, शेजारची पिठाची गिरणी बंद, तेव्हाच ते पियानोचं झाकण उघडतात. मी पिशवीतला पामटॉप काढून चालू करून ठेवला, ह्यांनी ऐटीत लॅपटॉप सुरू केला. जुनी बॅटरी, पडदा उजळला आणि विझला. हे चार्जर घेऊन भिंतीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"लाव ना," मामाजी म्हणाले. "काऊन थांबला? लाइट नसते तवाच येतो आपण, हे लहानपणापासून पाहून राह्यला ना तू?"

मी इतकी हसले की कडेवरची अंकिता दचकून रडायला लागली, आणि पामटॉपचा काटा तिच्या रडण्यामागे धावत सुटला.

"हिचा भलताच चढला," मामाजी म्हणाले.

ती शांत झाल्यावर त्यांनी अगदी उजवीकडची पट्टी वाजवली, ट्यूनिंगच्या चावीनं तारेची खुंटी पिळली. "झालं."

काटा म्हणत होता, उतरलेला आहे.

त्यांनी पुन्हा वाजवलं. काटा तिथेच. मामाजींनी यंत्राकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"त्याचं सोड. तुले काय ऐकू येते?"

लग्न होऊन आले तेव्हापासून सूर ऐकायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याशी खोटं कसं बोलू?

"उतरलेला आहे, मामाजी."

त्यांनी चावी धोतराच्या सोग्याला पुसून माझ्यापुढे धरली.

"धर मंग. खालचे मी लावीन, वरचे तू. पोरीले दे इकडे."

"अन् लॅपटॉप?" ह्यांनी विचारलं.

"वापस करून येजो सांजच्याले. हे लहानगं राहू दे, हिच्या पिशवीत मावते."

मी तार पिळायला लागले. अंकिताला छातीशी धरून मामाजी वाकून विचारत होते, "आता?"

"थोडं राह्यलं."

"आता?"