मुठीचा जोर

अनुपमाने पीएचडीला म्हातारपण हा विषय घेतला, तेव्हा घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत सगळ्यात आधी तिच्या आईने कपाळाला हात लावला. लग्नाच्या वयात पोरगी म्हाताऱ्यांच्या मागे लागली! पण अनुपमाचं म्हणणं सरळ होतं. वय वाढलं की हाताचा जोर कमी होतो. तो वर्षभरात किती कमी होतो, ते मोजायचं. अंधेरीच्या संस्थेतून मुठीचा जोर मोजायचं यंत्र मिळालं होतं आणि म्हातारे तर चाळीतले, घरचेच होते. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

पहिलं मोजमाप झकास झालं. सगळी उमर कापडगिरणीत साचे चालवलेले धोंडूकाका दात-ओठ खाऊन मूठ आवळत होते, तरी काटा अर्ध्यावरच रेंगाळला. द्रौपदीआजींचा तर जागचा हलेना. अनुपमाने सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा घेईन हं."

पुढच्या वर्षी घेतलं, आणि तिची वाट लागली. एकूण एक म्हाताऱ्याचा जोर वाढला होता!

तिच्या गाइड डॉ. रत्नप्रभा यांची जीभ मुळातच तिखट. "तुझी चाळ उलटी म्हातारी होते का गं?" त्यांनी विचारलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "हे आकडे कोणी मानणार नाही. प्रबंध बाद होईल, कळतंय ना?"

यंत्र तपासलं. ठणठणीत होतं. फक्त त्याची मूठ चिकट लागत होती. मॅडमनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दही?"

दही म्हटल्यावर अनुपमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दहावीपासून एमएस्सीपर्यंत प्रत्येक पेपरला द्रौपदीआजींनीच तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती.

ती तडक चाळीत आली. द्रौपदीआजी नळावर स्वतःचं लुगडं पिळत होत्या.

"आजी, त्या दिवशी सगळ्यांच्या हातावर दही ठेवलंत?"

"मग? परीक्षेला काय तसंच बसायचं?"

"अहो, परीक्षा तुमची नव्हती!"

"तुझी होती ना? आमचं मार्क कमी पडलं तर तू नापास झाली असतीस, पोरी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या वेळी काटा अर्ध्यावर थांबला, तेव्हाच धोंडूकाकांनी मनाशी ठरवलं होतं, आपल्यापायी पोरीची शोभा व्हायची नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी गॅलरीत म्हाताऱ्यांची पलटण बसायची. नातवंडांचे रबरी बॉल दाबायचे, मग ओल्या चादरी पिळायच्या. मुकादम अर्थात धोंडूकाका. अनुपमा दिवसभर अंधेरीला. तिला कोण सांगणार?

हसू आवरून तिने समजावलं, की तिला जोर कमी झालेलाच बघायचा होता. धोंडूकाकांचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे आमी थकलंव, तरच तू पास?"

अनुपमाने जाऊन सगळं मॅडमना सांगितलं.

त्यांच्याकडे उपाय तयार होता. "सराव बंद करायला सांग. काही महिन्यांत जोर उतरेल. तेवढं मोज आणि मोकळी हो."

संध्याकाळी अनुपमाने चाचरत ते सांगितलं. कुणी एका शब्दाने हुज्जत घातली नाही. धोंडूकाकांनी खिशातला बॉल काढून तिच्या हातात ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. द्रौपदीआजींनी सुनेला हाक मारली. "कुंदा, उद्यापासून माझं लुगडं पुन्हा तूच पीळ गं बाई." त्या हसूनच बोलल्या, पण सगळं वर्ष त्या कशाच्या जोरावर ताठ चालत होत्या, ते अनुपमाला त्या क्षणी कळलं. तिला स्वतःची लाज वाटली. असल्या डिग्रीला काय जाळायचंय!

तिने सगळे बॉल ज्याचे त्याला परत दिले.

"दाबत राहा. मी विषयच बदलते. सरावाने म्हातारपणी जोर किती परत येतो, तेच मोजते. मॅडम चिडतील, चिडू देत. मला आणखी एक वर्ष लागेल, एवढंच."

आतून आईने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

धोंडूकाकांनी आपला बॉल दाबून बघितला आणि नाक मुरडलं.

"आणखी वरीसभर? मगे जरा घट्ट बॉल घेवन ये गो. ह्यो आता मऊ पडलो."