अकरा वाजून सात मिनिटांची नोंद

परीक्षा विभागातल्या वहिनींवर आरोप होता तो असा: मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी त्यांच्या खात्यातून एका परीक्षार्थीचे गुण एकतीसचे एकाहत्तर झाले. सतरा वर्षांची नोकरी दुपारी तीनच्या बैठकीत जाणार होती.

गुण भरायची प्रणाली त्यांच्या दिरानंच लिहिलेली. चौकशीलाही तोच बसला. कुंपणानंच शेताची मोजणी करावी तसं.

"वहिनी, त्या वेळी काय करत होतात?"

"टोपडं बघत होते. बाळाचं. कुणीतरी मेलवर विणकामाच्या नमुन्याची लिंक पाठवली होती, ती उघडली."

"आणि गुणांचं पान?"

"ते शेजारच्या टॅबमध्ये चालूच. तुमचं ते पान एकदा बंद केलं की उघडायला वीस मिनिटं, भावजी! इथं सगळेच सकाळी लॉगिन करतात ते घरी जातानाच लॉगआउट करतात."

दिरानं नोंद पुन्हा उघडली. देवाला डोळे असतात म्हणतात, नोंदीलाही होते. गुण बदलायची विनंती वहिनींच्या खात्यातून गेली होती खरी, पण निघाली होती टोपड्याच्या पानावरून. त्या पानाच्या पोटात न दिसणारा फॉर्म होता. पान उघडताच तो आपोआप रवाना झाला. ब्राउझर बिचारा हरकाम्या. वहिनींच्या सकाळच्या लॉगिनचं ओळखपत्र त्याच्या खिशात होतंच, ते त्यानं मुकाट जोडून दिलं. प्रणालीनं ओळखपत्र पाहिलं, निरोप कुणाचा ते विचारलंच नाही. त्यासाठी प्रत्येक फॉर्मवर दर वेळी नवी गुप्त खूण लागते, बाहेरच्याला न कळणारी. ती घालायचं काम दिरानं दोन वर्षांपूर्वी 'पुढच्या आठवड्यात' म्हणून ठेवलं होतं.

"म्हणजे मी नाही ना केलं?"

"नाही. पाठवलं कुणा लबाडानं. दार उघडं ठेवलं मी."

वहिनींनी चष्मा पुसला. "असं लिहून दिलंत तर काम जाईल तुमचं. ऐन बाळाच्या तोंडावर."

"कुणाच्या बाळाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? तुमच्याच! बायकोनं अजून सांगितलं नाही वाटतं? टोपडं काय मी साहेबांसाठी विणतेय?"

दीर हसला नाही. त्यानं अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं: 'चूक माझी आहे.'

तीनच्या बैठकीत वहिनी सुटल्या. दिराला आठ दिवस मिळाले. खूण घालायची आणि नोकरी सोडून निघायचं.

त्या आठ दिवसांत वहिनी प्रत्येक कामानंतर लॉगआउट करून पान बंद करत, आणि ते पुन्हा उघडेपर्यंतची वीस मिनिटं टोपडं विणत. कुणी हटकलं नाही. आठव्या दिवशी ते पुरं झालं.